लीबीआत्याच्या बाह्या

त्या वर्षी ओट कापणीला आला आणि पाऊस जो लागला तो उघडायचं नाव घेईना. कापून उभ्या केलेल्या पेंढ्यांना शेतातच हिरवे कोंब फुटले. बटाटे खणले तर निम्मे हातात पिचकन फुटायचे आणि घाण वास सुटायचा. चुलीसाठी डोंगरावर कापून रचलेल्या पीटच्या, म्हणजे जळाऊ मातीच्या, ढेपा वाळायच्या सोडून खालून पुन्हा चिखल व्हायला लागल्या. घरातला एकुलता एक पुरुष, गिबी, दर वर्षीसारखा देवमाशांच्या शिकारीला जगाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेला होता. तो उगवणार वसंतात, आणि त्याचा पगारही त्याच्याबरोबरच उगवणार. तोवर घरात दोन बायका, एक गाय आणि माळ्यावर पोत्यांत भरलेली लोकर.

"लोकर हाय तंवर मरत न्हाई आपण," गिबीची आई ऑस्ला म्हणायची. "पर ती विणली पायजे. पोत्यातली लोकर दुकानदार घेत न्हाई."

खाडीच्या तोंडाशी दुकान होतं. दुकानदार स्वेटर घ्यायचा आणि बदल्यात पीठ, चहा, साखर, रॉकेल द्यायचा. यंदा त्यानं साऱ्या बायकांना एकदमच बजावून ठेवलं होतं, की यूलच्या, म्हणजे नाताळच्या, सणाआधीची आगबोट गेल्यावर माझ्याकडे स्वेटर आणू नका, दक्षिणेतल्या लोकांची खरेदी तोवर उरकलेली असते. म्हणजे हिवाळ्याचं पीठ त्या बोटीआधी विणून काढायचं होतं.

आणि इथंच ऑस्लाचं नशीब आडवं आलं होतं. सून मिळाली ती संथ हाताची.

एल्स्पी दक्षिणेच्या एका बंदरगावची. हेरिंगच्या हंगामात मासे साफ करायला इथल्या बेटावरच्या लर्विक बंदरात आलेली, तिथंच गिबीनं तिला पाहिलं आणि उन्हाळ्यात लग्न करून घरी आणली. मासा चिरायला लागली तर तिचं पातं दिसायचं नाही. पण विणायला बसली की ऑस्ला डोक्याला हात लावायची. एल्स्पी दोन्ही सुया हातात धरून विणायची, तिच्या आईनं शिकवलं होतं तसं. टाक्यात सुई घालायची, उजवा हात सुईवरून काढायचा, दोरा फिरवायचा, पुन्हा सुई धरायची.

"आगं, सुईला धरतीस काय, सोडतीस काय," ऑस्ला म्हणायची, "लगीन लावतीयास का सोडचिठ्ठी देतीयास तिला?"

"आमच्याकडं असंच विणतात, आई."

"तुमच्याकडं पीठ फुकट मिळत आसंल."

एल्स्पी मान खाली घालायची. घरी आल्यापासून तिचे दिवस असे मान खाली घालण्यातच गेले होते. तिची बोली वेगळी, भाकरी जाड, चूल विझायची, गाय तिला लाथ मारायची. चर्चमधून येताना बायका हसल्या की त्या आपल्यालाच हसल्या असं तिला वाटे, आणि बहुतेक वेळा ते खरंही असे.

स्वेटरचं काम दोघींत वाटलेलं होतं. धड ऑस्ला विणायची आणि बाह्या लीबीआत्या. लीबी ही ऑस्लाच्या नवऱ्याची धाकटी बहीण. भाऊ लग्न करून ऑस्लाला घेऊन आला, एका चुलीपुढं दोघींचं पटेना, आणि लीबी वर डोंगराच्या उतारावर एका खोपीत राहायला गेली. तिचं लग्न झालं नाही. तिला ना जमीन, ना मेंढी, म्हणून तिची स्वतःची लोकर नाही. भाऊ वारला त्याला कितीक वर्षं झाली, तरी आठवड्याच्या ठरल्या दिवशी ती खाली यायची, धडं घेऊन जायची आणि बाह्या घालून परत आणायची. दुकानातून माल आला की तिचा वाटा ऑस्ला वेगळा बांधून ठेवायची. दोघींचं तोंडानं कधी पटलं नाही, पण हातानं पटलं. ऑस्लाचा हात कुठं संपतो आणि लीबीचा कुठं सुरू होतो, ते दुकानदाराला भिंगातूनही सापडलं नसतं.

"हिला पट्टा शिकीव तू," ऑस्ला तिला एका सकाळी म्हणाली. "माजा जीव ऱ्हायचा न्हाई. मी शिकवाय बसले तर सुई खुपसंन हिला."

"तुला कुनी शिकीवलं हुतं?" लीबीआत्या हसली. "माज्या आईनंच न्हवं? तिनं न्हाई खुपसली."

"तिचा सोभाव गरीब. माजा न्हाई."

लीबीआत्या उंच आणि वाळकी होती, पाठीवर पाटी वाहून वाहून पुढं झुकलेली. तिनं आपल्या कमरेचा पट्टा सोडून एल्स्पीला बांधला. चामड्याचा पट्टा, उजव्या बाजूला घोड्याचे केस भरलेली एक गादी, आणि त्या गादीला भोकंच भोकं.

"ही तार हितं खुपस," ती म्हणाली. सुयांना इथं तारा म्हणत, दोन्ही टोकांना अणकुचीदार, लांब, पोलादी. "जोरात. कमरंला लागली पायजे. हां. आता हात सोड."

"पडेल ना."

"सोड म्हंते न्हवं."

एल्स्पीनं हात सोडला. तार जागची हलली नाही, कमरेतून उगवल्यासारखी ताठ राहिली.

"तार धरायचं काम आता पट्ट्याचं. तुज्या बोटानं फकस्त दोरा टाकायचा. आन् तिकडं बगू नगंस. जी बगती ती थांबती."

पहिल्या दिवशी एल्स्पीचे टाके असे वेडेवाकडे पडले, की ऑस्लानं तो तुकडा गाईला दाखवला. "बग गं, तुला झूल शिवलीय," म्हणाली. दुसऱ्या दिवशी कंबर उजव्या बाजूला काळीनिळी झाली. झोपेत त्या कुशीवर वळता येईना. तर्जनीच्या टोकाची कातडी गेली आणि लोकरीचा दोरा त्या उघड्या जागेवरून सरकला की डोळ्यांत पाणी यायचं. लीबीआत्यानं माशाचं तेल चोळलं आणि म्हणाली, "कातडी परत येती. आळस मात्र येऊ देऊ नगं."

पाऊस थोडा उघडला की दोघी डोंगरावरचं पीट आणायला जायच्या. पाठीवर गवताची विणलेली पाटी, एप्रनच्या खिशात लोकरीचा गुंडा, आणि हात मोकळे ते विणायला. लीबीआत्या दलदलीतून, दगडांवरून, ओढ्यातून चालायची आणि तिची बोटं चालूच असायची. एल्स्पी तिच्यामागून तसं करायला गेली आणि पहिल्याच खड्ड्यात पाटीसकट बसली. टाके सुटले, ढेपा चिखलात, टोपी डोळ्यांवर.

"उठ, उठ," लीबीआत्या हसत हसत तिचे टाके उचलायला लागली. "मी तर कितीदा ओढ्यात बसलेय. एकदा पाद्रीबाबाच्या म्होरं. त्येनं टोपी काढली, मी बसूनच मान वाकवली."

एल्स्पी या बेटावर आल्यापासून इतकी कधी हसली नव्हती. घरात सासू, वर आत्या. ती मनात म्हणायची, गिबीनं मला आत्याच्या घरी का नाही आणलं?

मग एका दुपारी, केव्हा ते तिलाही कळलं नाही, बोट आपोआप धावायला लागलं. ती गाईला गवत घालता घालता विणत होती आणि खाली पाहिलं तर वीतभर विणून झालेलं.

"आलं!" ती पळत वर खोपीत सांगायला गेली. "आत्या, आलं!"

"आलं म्हंजी?" लीबीआत्यानं ते हातात घेतलं, ताणलं, उलटं करून पाहिलं. "येग आला. बरं झालं. आता एक गोष्ट ऱ्हायली, ती हात बसल्यावर सांगन. आत्ता सांगितली तर गोंधळशील."

"कुठली गोष्ट?"

"सांगन की. पळून चाललीस व्हय?"

पण एल्स्पीला आता कसली गोष्ट ऐकायची घाई नव्हती. तिला वेग मिळाला होता.

थंडी सुरू झाली की बायका आळीपाळीनं एकमेकींच्या घरी विणायला जमायच्या. त्या खेपेला ऑस्लाकडं पाळी होती. दुपार सरताच अंधार पडला, चुलीत चांगल्या ढेपा घातल्या, आढ्याला टांगलेलं धुरावलेलं मटण शिजत होतं. पलीकडच्या घरची सिनी आली. तिच्या तोंडाला कधी कुलूप नसायचं. आणखी चारपाच जणी आल्या. लीबीआत्या दाराजवळच्या बाकावर तिच्या नेहमीच्या जागी.

तिथं रीत अशी होती की मध्येच कुणीतरी शर्यत लावायची. एकाच गुंड्यातून हाताच्या वावांनी मोजून सगळ्यांना सारखा दोरा द्यायचा, टोकाला गाठ मारायची, आणि जिचे टाके गाठीपाशी आधी पोचतील ती जिंकली.

"नव्या नवरीला पन द्या की दोरा," सिनी म्हणाली. "यूलपतूर तरी पोचंल गाठीला."

हसल्या सगळ्या. एल्स्पीचे कान गरम झाले. तिनं तार पट्ट्यात खुपसली.

सुरुवात झाली. तारांची टिकटिक, आणि चुलीत ढेप कलल्याचा आवाज. एल्स्पीनं कुणाकडं पाहिलं नाही. चिडलेली होती. बोट धावत होतं, दोरा झरझर सरकत होता, आणि तिला एकदम कळलं की सिनी मागं पडली आहे. मग आणखी एक. शेवटी राहिल्या दोघी. ती आणि लीबीआत्या. दरवर्षी लीबीआत्याच जिंकायची. एल्स्पीच्या बोटाला गाठ लागली तेव्हा लीबीआत्याच्या हातात अजून वीतभर दोरा होता.

"अगं बया!" सिनी ओरडली. "माशेवालीनं जितलं!"

बायकांनी एल्स्पीच्या पाठीवर थापा मारल्या. कुणी तिच्या गालाला हात लावला. ऑस्लाच्या तोंडावर असं हसू आलं की एल्स्पीनं ते पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. आपली सून, आपल्या घरात, साऱ्यांसमोर. अभिमानाच्या भरात माणूस काय बोलतो त्याला धरबंध नसतो.

"लीबी," ऑस्ला म्हणाली, "तुजी बाही म्हातारी झाली गं! आता तुला डोंगर चढाय-उतरायचं काम ऱ्हायलं न्हाई. बाह्या घरातच हुतील."

मोठा हशा झाला. लीबीआत्याही हसली. उरलेला वीतभर दोरा तिनं बोटाला गुंडाळला.

"बरं झालं की," ती म्हणाली. "माजं गुडघं सुटलं."

त्या वेळी एल्स्पीनं एक शब्द बोलायचा होता. "नको आई, बाह्या आत्याच करू देत," एवढाच. कुणी तिचं तोंड धरलं नव्हतं. पण आयुष्यात पहिल्यांदा या बायका तिच्याकडं आपल्यातली म्हणून पाहत होत्या आणि तिला ते असं गोड लागत होतं की आत्याच्या तोंडाकडं तिनं पाहिलंच नाही. पुढं ती हे कितीदा आठवणार होती आणि कितीदा स्वतःला दोष देणार होती, त्याला हिशेब नाही.

ठरल्या दिवशी लीबीआत्या आली नाही. त्या आठवड्यात नाही, पुढच्याही नाही. धडं तयार होती ती ऑस्लानं एल्स्पीसमोर टाकली. एल्स्पी खांद्याचे टाके उचलून बाह्या विणू लागली, आणि कामाच्या रगाड्यात ती रोज म्हणायची, उद्या वर जाऊन येईन. उद्या वादळ व्हायचं, परवा गाय आजारी व्हायची. खरं म्हणजे तिला जायला लाज वाटत होती.

स्वेटरांची एक रास झाल्यावर ऑस्लानं ते धुतले आणि ताणून वाळवायला लाकडी चौकटी काढल्या. धड चौकटीवर बसलं. बाही चौकटीच्या हातांवर चढेना. तिनं ओढली, ओली करून पुन्हा ओढली. कोपरापर्यंत आली आणि अडकली. दुसरा स्वेटर घेतला, तेच. ऑस्लानं बाही उलटी केली. मागच्या बाजूला नक्षीसाठी नेलेले दुसऱ्या रंगाचे दोरे तारेसारखे ताठ ओढलेले होते आणि पुढचं नक्षीकाम चुरगळल्यासारखं आत ओढलं गेलं होतं.

"आवळलंस गं," ती हळूच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तरी दोघींनी गाठोडं बांधलं. पीठ संपत आलं होतं, आणि वाईट माल दुकानात नेणाऱ्या त्या काही पहिल्याच नव्हत्या. दुकानात सिनी आणि आणखी दोघीतिघी होत्या. दुकानदारानं वरचा स्वेटर घेतला, बाहीत मूठ घातली. मूठ कोपरापाशी अडकली. त्यानं ती तशीच साऱ्यांना दिसेल अशी वर धरली.

"ऑस्ला, ह्या बाह्या कुणाच्या?"

"सुनंच्या."

"आणि लीबीला काय झालं?"

सिनी बिस्किटांचा डबा मन लावून न्याहाळायला लागली. एल्स्पीला वाटलं, जमीन दुभंगावी.

"धडं उत्तम आहेत," दुकानदार म्हणाला. "बाह्या उसवा आणि बोटीआधी नीट करून आणा. अशा नाही चालायच्या."

परत येताना ऑस्ला पुढं चालली होती, वाऱ्यात डोकं खुपसून. घराच्या फाटकाशी थांबली.

"जा. तिला सांग बाह्या घेऊन जा म्हनावं."

"आई, तुम्हीपण चला ना."

"मी कशाला? मी काय हाकललं व्हय तिला? थट्टंत बोलले. थट्टा कळू नये एवढी काय ती लेकरू न्हाई." आणि मग, फाटकाची कडी लावता लावता, "जा तू."

खोपीत चुलीत एकच ढेप धुमसत होती. लीबीआत्या आपला जुना मोजा उसवून त्याचा दोरा गुंडाळत बसली होती. शेजारी त्याच दोऱ्याचा नवा मोजा निम्मा झालेला.

"हात रिकामं ऱ्हात न्हाईत," ती म्हणाली. "ये. बस."

एल्स्पीनं आणलेलं गाठोडं सोडलं आणि सगळं सांगितलं. दुकानदाराची मूठसुद्धा सांगितली. लीबीआत्यानं बाही घेतली, आतून बोट फिरवलं आणि तिला हसू आलं. त्यात खवचटपणा नव्हता.

"सांगायची ऱ्हायली हुती ती गोष्ट," ती म्हणाली. "बांध पट्टा."

"आत्या, मी शिकायला नाही आले. आई म्हणाल्या, तुम्ही..."

"आदी पट्टा बांध. असली बाही घेऊन डोंगर उतरू देनार न्हाई मी तुला."

तिनं एल्स्पीच्या मागं उभं राहून तिचे हात हातात घेतले. "थोडं टाकं झालं की थांब. तार पट्टा धरतोय, तुला काय घाई? उजव्या तारंवरचं टाकं ह्या अंगठ्यानं मागं सार. पसरू दे. बग, मागचा दोरा सैल पडला. मंग म्होरं. पुन्हा थांब, सार."

"यात वेळ जातो."

"जातो की. त्या दिवशी माजा वीतभर दोरा ऱ्हायला न्हवं?"

एल्स्पीचे हात थांबले. "शर्यतीत तरी हे सारणं सोडायचं होतं, आत्या."

"सोडाय बगितलं. अंगठा ऐकत न्हाई गं."

दिवे लावायच्या वेळेपर्यंत एल्स्पीला ते जमलं. लीबीआत्यानं डोळे मिटून नवी बाही चाचपली. बराच वेळ चाचपली. मग ती एल्स्पीच्या मांडीवर ठेवली.

"ही माजीच बाही," म्हणाली आणि दोन्ही हात आपल्या मांडीवर ठेवून बसली. ते हात असे रिकामे एल्स्पीनं कधी पाहिले नव्हते. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आत्याजवळ जे काय होतं ते शेवटचंही आपण आत्ता घेतलं.

"आत्या, ही धडं ठेवते इथं. बाह्या तुम्हीच करा. मी आईंना धडं विणू लागेन."

"ऑस्लानं सोता येऊन सांगावं."

"त्या नाही यायच्या."

"ठावं हाय," लीबीआत्या म्हणाली. "ऱ्हाऊ दे मंग. जा, अंधार पडला."

उतार उतरताना एल्स्पी रडली, आणि खाली पोचेपर्यंत तिनं एक ठरवलं. ठरवलं म्हणजे ऑस्लानं दारातच "काय म्हनली?" असं विचारलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं.

"करते म्हणाल्या. पण खाली येणार नाहीत. मी नेऊन देत जाईन."

ऑस्लाचे खांदे सैल पडले. "बरं," म्हणाली. "बरं झालं," आणि पाठ फिरवून चुलीशी उगाच खुडबुड करत राहिली.

त्यानंतर रोज एल्स्पी गाठोडं घेऊन डोंगर चढायची आणि निम्म्या वाटेवर मेंढ्या कोंडायच्या दगडी वाड्यात शिरायची. त्याला छप्पर नव्हतं. भिंतीच्या आडोशाला पाटी उपडी घालून ती बसायची आणि बाह्या उसवून नव्यानं विणायची. गारा यायच्या. बोटं बधिर झाली की काखेत धरायची, पुन्हा तार पट्ट्यात. टाके, थांब, सार. तिथून वरच्या खोपीचा धूर दिसायचा, कधी बारीक, कधी अजिबात नाही. वर जावं असं रोज वाटायचं. तिथं जाऊन काय सांगायचं?

खाली ऑस्ला बाहीत हात घालून बसायची. "हात तिचा कदी चुकायचा न्हाई," असं म्हणायची आणि मग दुसरीकडं बघत, "माज्याबद्दल काय बोलली का गं?"

"नाही, आई."

"बोलंल. काम घेतलं न्हवं, मंग राग गेलाच म्हनायचा."

एकदा ती शाल पांघरून दारापर्यंत आली होती, वर बघत उभी राहिली होती. "जाऊन यावं का?" असं म्हणाली. लबाडी उघडी पडेल, आत्याचा वाटा बंद होईल, म्हणून एल्स्पी घाईनं म्हणाली, "वाट फार निसरडी झालीय, आई. आणि त्या ठीक आहेत." ऑस्लानं शाल खुंटीला अडकवली.

बोटीआधी सगळे स्वेटर गेले. दुकानदारानं मूठ घातली, सरसर आत गेली, आणि तो म्हणाला, "लीबी बरी झालेली दिसते." पीठ आलं, साखर आली, चहा आला. ऑस्लानं लीबीचा वाटा बांधायला घेतला आणि नेहमीपेक्षा जास्त घातला. आपल्या वाट्यातली चहाची पुडी उघडून त्यातलीही मूठभर पत्ती तिच्या पुडीत ओतली. लोण्याचा गोळा ठेवला. एवढं लोणी ती पाद्रीबाबालाही द्यायची नाही.

"सांग तिला," ती म्हणाली, पण काय सांगायचं ते तिला सुचलं नाही. "दे फकस्त."

एल्स्पी त्या दिवशी दगडी वाड्याशी थांबली नाही. आतून वेगळी हलकी झाली होती ती. शेवटी सगळं नीट झालं, आता हे आत्याच्या घरात पडेल, असं म्हणत ती चढून गेली.

लीबीआत्या अंथरुणावर बसूनच होती, शाल गुंडाळून. मोजा विणून संपला होता. एल्स्पीनं पाटीतलं एकेक काढून मेजावर ठेवलं.

"हे काय गं?"

"तुमचा वाटा. बाह्यांचा."

"मी कुटल्या बाह्या केल्या?"

एल्स्पी पाटी आवरायला लागली. आत्यानं तिच्या हातांकडं पाहिलं. बोटांची टोकं फुटून त्यावर काळे पापुद्रे धरले होते. बाईला सगळं समजायला वेळ लागला नाही.

"ऑस्लाला वाटतंय, मी केल्या?"

"हो."

"माजा राग गेला आसं वाटतंय?"

"हो, आत्या. त्यांनी लोणी दिलंय. स्वतःच्या पुडीतला चहा घातलाय. त्या तर एक दिवस निघाल्याही होत्या वर यायला, पण मीच..."

लीबीआत्यानं खांद्यावरची शाल सारखी केली.

"मी वाट बगत हुते," ती म्हणाली. "म्हनलं, बाह्या अडल्या की यील. दोन पावलं यील, दारात उभी ऱ्हाऊन शिव्या दील. मला तेवढ्यावर भागलं असतं. आता ती कशाला यील गं?"

"मी आत्ता जाऊन खरं सांगते!"

"सांग की. मंग म्हनंल, बाह्या सुनंला येत्यात, म्हातारीचं काय काम? दोन्हीकडनं तेच." तिच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळं एल्स्पीला ऐकवेना. "तुजा जीव चांगला हाय. उगं रडू नगं."

ती उठली. गुडघ्यांवर हात देऊन, हळूहळू. फुंकर मारून ढेप फुलवली, किटलीत पाणी घातलं. पुडी उघडली आणि पत्तीचा वास खोपीभर पसरला. चांगला काळाकुट्ट चहा केला, एकाच पेल्यात ओतला, साखर घातली, ढवळला, पेल्याचा कान एल्स्पीकडं करून मेजावर ठेवला. मग उरलेली पुडी पहिल्यासारखी घडी घालून, दोऱ्यानं बांधून, पीठ, साखर आणि लोण्यासकट एल्स्पीच्या पाटीत परत ठेवली. दुसऱ्या पेल्यात किटलीतलं नुसतं गरम पाणी ओतून घेतलं आणि समोर बसली.

"आत्या, तुम्ही?"

"पाव्हनी आली आन् घरात द्यायला काय न्हवतं," लीबीआत्या म्हणाली. "बरं झालं आनलास. पी, गार हुतोय."

एल्स्पीनं पेला उचलला. तिनं तो घोट घोट करत सगळा संपवला. समोर लीबीआत्या गरम पाणी फुंकून फुंकून पीत होती.